अंगठी मोडते, खडा उरतो

लंडन-पॅरिसच्या लिलावगृहांच्या सूचीपत्रांत 'पुरातन अंगठ्या' असे एक स्वतंत्र प्रकरण असते आणि त्यात एक नमुना वारंवार भेटतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, अठरा कॅरट सोन्याची अंगठी; बोटाच्या वरच्या बाजूला ओळीने पाच ओपल आणि त्यांच्यामधल्या सांदींत मोहरीएवढे हिरे. सूचीपत्र तिचा काळ सांगते, कोणत्या शहराचा छाप आहे ते सांगते, हिऱ्यांना जुन्या पद्धतीचे पैलू आहेत हे सांगते, एखाद्या ओपलला बारीक तडा असेल तर तोही लपवत नाही. या माहितीलाच तिथे किंमत असते. अंगठीतल्या सोन्याचा भाव त्या किमतीत फारसा मोजलाही जात नाही.

हीच अंगठी छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादच्या, जुन्या शहरात विकायला आणली तर काय होईल? गुलमंडीच्या चौकात सुपारी हनुमानाला हात जोडून ती कासारी बाजार ओलांडून सराफ्यात पोचेल. तिथे सोने कसाला लागेल, खडे काढून बाजूला ठेवले जातील, घट वजा होईल आणि उरलेल्या वजनाचे पैसे हातात पडतील. बदल्यात नवा दागिना घ्यायचा असेल तर घडणावळ वेगळी. अंगठी कोणत्या साली घडली, कोणी घडवली, हा प्रश्न या व्यवहारात कुठेच येत नाही. संध्याकाळपर्यंत ती मुशीत आटलेली असते.

यात सराफाचा दोष आहे असे आम्हास मुळीच म्हणायचे नाही. तो बाजाराच्या रीतीने वागतो आणि ही रीत शतकानुशतके चालत आलेली आहे. आपल्याकडे सोने वाहते असते. आजीच्या पाटल्यांतून आईचा गोफ होतो, गोफातून लेकीच्या बांगड्या होतात. म्हणून आपल्या घरांत सोने जुने असते, दागिना बहुधा जुना नसतो. अंगठी मोडते आणि खडा तेवढा उरतो. तेव्हा आपल्या बाजूने अंगठीचा इतिहास लिहायचा तर तो घडणीचा लिहिता येत नाही. तिच्यातल्या द्रव्यांचा, म्हणजे खड्यांचा लिहावा लागतो. हिरा आणि ओपल या दोन खड्यांचा असा इतिहास मांडून पाहावा, आणि त्यात काय हरवले याचा हिशेब करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात पायाखालच्या जमिनीपासून करू. मलिक अंबराने १६१० मध्ये हे नगर वसवले ते खडकी नावाच्या गावाच्या जागी. खडकी हे नाव खडकाळ जमिनीवरून आले असे मानतात. गुलमंडीला लागून असलेल्या मछलीखडकाच्या नावातही तो खडक आहेच. हा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, थरांवर थर साचले आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच थरांत कोरली आहेत. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिले आणि त्या पाण्यात विरघळलेली सिलिका आत साचत गेली. कुठे तिची गारगोटी झाली, कुठे पट्ट्यापट्ट्यांचा अकीक झाला, आणि कुठे पाणी पोटात धरून ती साध्या, दुधी, रंग न खेळवणाऱ्या ओपलच्या रूपात राहिली.

म्हणजे ओपलचे गरीब भाऊबंद आपल्या मातीतलेच आहेत. हिरा मात्र या काळ्या खडकात सापडत नाही. तो शुद्ध कर्ब, पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटरहून अधिक खोलीवर, प्रचंड दाबाखाली घडलेला, आणि बहुधा शंभर कोटी वर्षांहून जुना. ओपल त्या मानाने उथळ जमिनीत, पाण्याच्या संथ झिरप्यातून तयार होतो. एकाच अंगठीत शेजारी बसणारे हे दोन खडे इतक्या वेगळ्या कुळांतले आहेत.

या अकिकाच्या व्यापाराची एक जुनी नोंद आपल्या जिल्ह्याचे नाव घेऊन येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तिकेत म्हटले आहे की भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मोठ्या प्रदेशातून, ऑनिक्स जातीचा दगड भडोचला येतो. ऑनिक्स म्हणजे पट्ट्यांचा अकीकच. सातवाहनांच्या राजधानीतून निघालेला दख्खनचा हा दगड समुद्रापलीकडच्या बाजारात जात होता आणि तिथले कारागीर अशा दगडावर मुद्रा कोरून तो अंगठीत बसवीत.

त्याच शतकात रोममध्ये प्लिनी आपला प्रचंड निसर्गग्रंथ लिहीत होता. त्याच्या शेवटच्या, सदतिसाव्या भागात रत्नांचे वर्णन आहे आणि तिथे तो ओपलला भारताचे अपत्य म्हणतो. माणकाची आग, जांभळ्या खड्याची छटा आणि पाचूचा समुद्रहिरवा रंग एकाच दगडात एकत्र चमकतात, अशा आशयाचे त्याचे वर्णन आहे. पुढे तो नोनिअस नावाच्या सिनेटरची हकीकत सांगतो. नोनिअसच्या अंगठीतला ओपल हेझेल नावाच्या फळाएवढा होता आणि त्याची किंमत वीस लाख सेस्टर्स धरली जाई. मार्क अँटनीला तो हवा होता. नोनिअसने सर्वस्व सोडून देशांतर पत्करले आणि जाताना बरोबर नेली ती एवढी अंगठी. ओपलच्या अंगठीची इतिहासाला माहीत असलेली ही सर्वांत गाजलेली कथा.

प्लिनीचा ओपल खरोखर भारतातून गेला होता काय? आजचे अभ्यासक रोमन ओपलांसाठी मुख्यतः आजच्या स्लोव्हाकियातल्या डोंगराळ भागाकडे बोट दाखवतात. तिथल्या खाणी पुढे 'हंगेरियन ओपल' या नावाने प्रसिद्ध झाल्या आणि १९२२ पर्यंत चालल्या. दूरदेशीच्या मालाला भाव येतो हे व्यापाऱ्यांना तेव्हाही कळत होतेच. पण दगड गेला नसला तरी नाव बहुधा इथूनच गेले. लॅटिन 'ओपालुस' आणि ग्रीक 'ओपालिओस' या शब्दांचे मूळ संस्कृत 'उपल' असावे असे बहुतेक भाषाभ्यासक मानतात. गंमत अशी की संस्कृतात उपल म्हणजे रत्न, तसाच साधा दगडही. वैदिक यज्ञात धान्य वाटण्याच्या दगडांच्या जोडीला 'दृषद्-उपला' म्हणत. त्यातली उपला म्हणजे वरचा, हातात धरायचा दगड. म्हणजे आपला वरवंटाच. जगातल्या सर्वांत चंचल रंगाच्या रत्नाला वरवंट्याचे नाव मिळाले आणि ते घेऊन ते दोन हजार वर्षे युरोपात मिरवले.

नाव आपण दिले, पण रत्नशास्त्रात जागा दिली नाही. नवरत्नांत ओपल नाही. माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या अशी ती नऊ. ग्रहांशी त्यांची सांगड आहे आणि त्यांत हिरा शुक्राचा. या परंपरेत हिऱ्याचा मान सर्वांत मोठा. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत हिऱ्यांची उगमस्थाने दिली आहेत. वेणा नदीचा काठ, शूर्पारक, कोसल, सौराष्ट्र, कलिंग ही त्यांतली काही. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा. वेणा म्हणजे वैनगंगा असे अनेकांचे मत आहे, आणि त्या मताला बळ देणारी एक जागा तिच्या खोऱ्यात आहे. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाडच्या सुभ्याचे वर्णन करताना गोंड राजाच्या ताब्यातल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद केली आहे. हे वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात येते. वज्र या शब्दाचे प्राकृत रूप 'वइर', आणि गावाच्या नावात तेच असावे. आज त्या गावाकडे कोणी हिऱ्यासाठी जात नाही.

या शास्त्रातला आदर्श हिरा कसा, हेही पाहण्यासारखे आहे. सहा कोन, आठ पृष्ठे, बारा धारा असलेला हिरा उत्तम, असे रत्नपरीक्षेचे ग्रंथ सांगतात. भूमितीच्या दृष्टीने हे नैसर्गिक अष्टफलकाचे अगदी बिनचूक वर्णन आहे. खाणीतून निघालेला अखंड स्फटिक असाच असतो. म्हणजे आपल्या शास्त्राला हिरा निसर्गाने दिला तसाच हवा होता. पैलू पाडायचे ते दोष झाकण्यापुरते, आणि वजन शक्यतो राखून. पुढे मोगलाईत आणि पेशवाईत चापट पैलूंचे हिरे सोन्याच्या बंद कोंदणात बसवीत आणि खाली चमकदार वर्खाचा पातळ पत्रा, म्हणजे डांक, घालीत. उजेड खड्यावर पडून त्या पत्र्यावरून परत येई. 'कोंदणात शोभणे' हा आपला वाक्प्रचार याच कारागिरीचा वारसा आहे.

मध्ययुगात हिऱ्यांचा मुख्य झरा वैनगंगेकडून कृष्णेकडे सरकला. गोवळकोंड्याचे नाव जगभर झाले, पण गोवळकोंडा ही खाण नव्हती. तो किल्ला आणि बाजार होता. हिरे निघत ते आजच्या आंध्र प्रदेशातल्या कोल्लूरसारख्या ठिकाणी, नदीकाठच्या गाळातून. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने सतराव्या शतकात या खाणी पाहिल्या. कोल्लूरला सुमारे साठ हजार माणसे राबत होती असे तो लिहितो. पुरुष माती खणत, बायका-मुले ती वाहून नेत. व्यापाऱ्यांची सौद्याची रीतही त्याने टिपली आहे. दोघे समोरासमोर बसत, कापडाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. पूर्ण पंजा दाबला की हजार, एक बोट धरले की शंभर. शेजारी बसलेल्यालाही किंमत कळत नसे. आपल्या बैलबाजारांत रुमालाखाली होणारा सौदा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारी तावेर्निएची वाट दौलताबाद-औरंगाबादवरून जात होती. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून १६५३ मध्ये पुन्हा आला तेव्हा खडकीला त्याचे नाव मिळाले होते आणि पुढे बीबीच्या मकबऱ्याचे काम सुरू झाले. त्यासाठी निघालेल्या संगमरवराच्या तीनशेहून अधिक गाड्या आपल्याला वाटेत भेटल्या, सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल होते, असे तावेर्निए लिहितो. एका दिशेने बादशाही इमारतीचा दगड येत होता आणि त्याच रस्त्यावर जवाहिऱ्यांच्या कमरेला बांधलेल्या थैल्यांतून हिरे सुरतेकडे जात होते. १६८७ मध्ये गोवळकोंडा मोगलांकडे गेले. पुढे पहिल्या निजामाने औरंगाबादेतून कारभार केला आणि १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलली. बाजार मात्र जागेवर राहिला. गुलमंडीच्या नावातली फुले कमी झाली असतील, पण हिमरू-पैठणीचा बस्ता आणि सराफ्यातली सोनेखरेदी एकाच फेरीत उरकण्याची रीत या चौकाने सोडली नाही.

हिऱ्याची सद्दी मात्र इथे सरत होती. बोर्निओचा अल्प पुरवठा सोडला तर १७२० च्या दशकापर्यंत जगाला हिरे पुरवणारा भारत हाच देश होता. त्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले आणि १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेने तर बाजारच ताब्यात घेतला. कृष्णाकाठचे गाळ तोवर उपसून झाले होते. या उलथापालथीचा सर्वांत बोलका पुरावा निजामाच्या खजिन्यातच आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८९१ मध्ये सिमल्याच्या अलेक्झांडर जेकब या व्यापाऱ्याशी ज्या हिऱ्याचा सौदा केला आणि ज्याच्यावरून कलकत्त्याच्या न्यायालयात खटला उभा राहिला, तो १८४ कॅरटहून मोठा जेकब हिरा दक्षिण आफ्रिकेतला मानला जातो. गोवळकोंड्याच्या गादीच्या वारसाला मोठा हिरा हवा झाला तेव्हा तो आफ्रिकेतून आणावा लागला! पुढे तो वडिलांच्या जोड्याच्या टोकात सातव्या निजामांना सापडला आणि त्यांनी त्याचा कागदावर ठेवायच्या वजनासारखा उपयोग केला, असे सांगतात. १९९५ मध्ये भारत सरकारने निजामाचे १७३ जडजवाहीर सुमारे २१८ कोटी रुपयांना घेतले, त्यांत हा हिराही आहे.

निजामाचा हिरा निदान देशात राहिला. पेशव्यांच्या हिऱ्याचे तसे झाले नाही. 'नासक' या नावाने जग ज्याला ओळखते तो हिरा त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानात होता असे सांगतात. नासक म्हणजे नाशिकच. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या जवाहिरातून तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला पोचला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते आणि घडण आपल्या पद्धतीची, म्हणजे वजन राखणारी होती. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या पेढीने त्याला नवे पैलू पाडून सुमारे ८० कॅरटवर आणले. पुढे वेस्टमिन्स्टरच्या उमराव घराण्याने तो तलवारीच्या मुठीत बसवला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन याने तो पुन्हा घासला आणि वजन उरले ४३.३८ कॅरट. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पाच लाख डॉलर आले. त्र्यंबकेश्वराच्या हिऱ्यातला अर्ध्याहून अधिक भाग पैलूकाराच्या चाकावर भुकटी होऊन गेला आहे.

या हिऱ्याच्या प्रवासातला एक मुक्काम आम्हास विशेष महत्त्वाचा वाटतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत नेला गेला तेव्हा जकातीवरून वाद न्यायालयात गेला. आणणाऱ्याचे म्हणणे, ही शंभर वर्षांहून जुनी कलात्मक वस्तू आहे, हिला जकात नाही. विरोधकांचे म्हणणे, हा पैलू पाडलेला हिरा आहे, दागिन्यात बसवायचा माल आहे, जकात भरा. प्रश्न वरवर करापुरता होता, पण त्याच्या पोटात खरा प्रश्न दडलेला आहे. ज्या हिऱ्याचे पैलू इथले राहिले नाहीत, कोंदण इथले राहिले नाही, वजनही राहिले नाही, तो किती जुना म्हणायचा? कर्ब शंभर कोटी वर्षांचा आहे, पण पैलू काल-परवाचे आहेत.

कोहिनूरची गोष्ट याहून परिचित आहे, तिचा एकच धागा इथे घेतो. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला, म्हणून राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या पुढाकाराने १८५२ मध्ये त्याला नवे पैलू पाडले गेले. ३८ दिवसांच्या कामात त्याचे चाळीस टक्क्यांहून अधिक वजन घटले. या कामाचा आरंभ म्हणून हिरा प्रथम चाकाला लावण्याचा मान ज्या वृद्ध सेनानीला दिला गेला, तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणजे आर्थर वेलस्ली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा तोच. मराठवाड्याच्या रानात ज्याने नाव कमावले त्याच्याच हाताने पन्नास वर्षांनी तो चाक फिरला, हा योगायोग ध्यानात राहतो.

त्याच प्रदर्शनात ईस्ट इंडिया कंपनीने राणीला हिंदुस्थानी दागिने नजर केले होते. त्यांची घडण पाहून अल्बर्टने १८५३ मध्ये राणीसाठी एक मुकुट आखला. मोगली कमानी, कमानींत कमळे, आणि खडे हिरे व ओपल. ओपल आणि हिरा यांच्या जोडीला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या दागिन्यांत याची गणना करावी लागेल. आणि त्याचा आराखडा आपल्याकडचा होता. एरवी युरोपात तेव्हा ओपलविषयी धास्ती पसरलेली होती. १८२९ मध्ये आलेल्या वॉल्टर स्कॉटच्या 'अ‍ॅन ऑफ गायरस्टीन' या कादंबरीत पवित्र जलाचा थेंब पडताच एका स्त्रीच्या केसांतल्या ओपलचा रंग जातो असा प्रसंग आहे, आणि ओपल अपशकुनी असल्याची समजूत त्यानंतर बळावली असे मानतात. व्हिक्टोरियाने तिला जुमानले नाही. तिने ओपल वापरले आणि लेकींनाही दिले. पण तिच्या मागून आलेल्या राणी अलेक्झांड्राने १९०२ मध्ये त्या मुकुटातले ओपल काढून माणके बसवून घेतली. राजघराण्यातही जुना दागिना जसाच्या तसा राहिला नाही! मोडून घडवण्याची खोड केवळ आपलीच, असे मानायचे कारण नाही.

१८८० च्या दशकानंतर ऑस्ट्रेलियातून ओपलचा ओघ सुरू झाला आणि मध्यमवर्गाच्या बोटांपर्यंत तो पोचला. लेखाच्या आरंभी वर्णिलेली पाच ओपलांची अंगठी याच काळाची. आफ्रिकेचे हिरे, ऑस्ट्रेलियाचे ओपल आणि विलायती घडण. ओपलच्या रंगाचे कोडे मात्र १९६० च्या दशकात उलगडले. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यात सिलिकेचे अतिसूक्ष्म, सारख्या आकाराचे गोळे दुकानात लाडू रचावेत तसे थरांनी रचलेले दिसले. प्रकाश त्या रचनेत शिरून विखुरतो आणि खडा हलवला की रंग बदलतो. रंगद्रव्य असे त्यात काहीच नसते. गोळ्यांच्या मधल्या जागेत पाणी असते, बहुधा वजनाच्या तीन ते दहा टक्के. म्हणूनच ओपल नाजूक. फार उष्णता, फार कोरडी हवा, अचानक धक्का यांनी त्याला तडे जातात. हिरा दुसऱ्या हिऱ्याशिवाय कशाने घासला जात नाही, तर ओपलवर वाळूच्या कणानेही ओरखडा उठतो.

आता वर्तुळ पुन्हा आपल्या बाजारापाशी येते. आज आपल्याकडे ओपल दिसतो तो बहुतेक राशीच्या अंगठीत. शुक्राचे रत्न हिरा. तो परवडत नसेल तर त्याचे उपरत्न म्हणून ओपल घालावा, असा सल्ला दिला जातो. प्राचीन ग्रंथांच्या नवरत्नांत नसलेला खडा हिऱ्याचा बदली म्हणून मराठी बोटावर चढला आहे. तो येतो ऑस्ट्रेलियातून, आणि २००८ मध्ये इथिओपियाच्या वोलो भागात नवा साठा सापडल्यापासून फार मोठ्या प्रमाणावर तिथून. वरवंट्याचे नाव घेऊन परदेशी गेलेला शब्द असा खड्यासकट परत आला, आणि आपण त्याला इंग्रजी नावानेच ओळखतो. ग्रहांचा प्रभाव हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. इतिहासाच्या अभ्यासकाने इतकेच नोंदवावे की रत्नशास्त्र ही गोठलेली गोष्ट नाही, बाजार बदलला की तेही बदलते.

मग जुन्या अंगठीचे काय? आपल्या कायद्याला हा प्रश्न पडलेला आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरातन ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. पण कायदा वेशीवर पहारा करतो. मुशीवर करू शकत नाही, आणि करूही नये. त्याच १९७२ साली मराठवाड्याने जो दुष्काळ पाहिला त्यात किती घरांनी सोने मोडून पोटे भरली असतील! बाईच्या अंगावरचे सोने ही तिची हक्काची शिल्लक होती. अडीअडचणीला ते मोडता येते म्हणूनच ते घेतले जात होते. दागिना मोडणाऱ्याला वारशाचे भान नाही असे म्हणणे ही सुखवस्तू माणसाची कठोरता झाली. ज्या अंगठीने एका वर्षाची पेरणी साधून दिली तिने आपले काम केले.

तरीही काहीतरी हरवते, आणि ते सोने नव्हे. राजेरजवाड्यांच्या हिऱ्यांचा प्रत्येक पैलू नोंदला गेला. नासकचे वजन दशांशापर्यंत आपण आज सांगू शकतो. गुलमंडीच्या आसपासच्या वाड्यांत, पैठणच्या, खुलताबादच्या, जालन्याच्या घरांत लोकांनी काय घातले, कोणत्या कोंदणात, कोणत्या खड्याखाली डांक होता, याची मात्र ओळभरही नोंद नाही. मराठवाड्याच्या सामान्य घरांच्या दागिन्यांचा इतिहास लिहायला कोणी बसला तर त्याच्यापुढे मोठ्या घराण्यांची चित्रे असतील, वस्तू नसतील. जे टिकवता येत नाही त्याची नोंद ठेवता येते, आणि नोंदीला पैसे पडत नाहीत.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. जुनी अंगठी मोडीत घालायची असेल तर अवश्य घालावी. आधी तिचे चारही बाजूंनी छायाचित्र काढावे. खड्याची मागची बाजू बंद आहे की उघडी ते पाहावे. बंद असेल तर घडण जुन्या कोंदणाच्या वळणाची असण्याचा संभव अधिक. वजन लिहावे. ती कोणाला कोणत्या प्रसंगी मिळाली, घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून चार ओळी टिपाव्यात. खडा काढताना तो फुटणार नाही अशी कारागिराला विनंती करावी, आणि ओपल असेल तर अंगठीला आच लावण्यापूर्वी तो काढायला सांगावा, कारण त्याच्यातले पाणी एकदा उडाले की परत येत नाही. मग सोने निर्धास्तपणे मुशीत जाऊ द्यावे. पुढच्या पिढीच्या बोटात नवी अंगठी असेल, खडा तोच असेल, आणि तो कोठून आला हे सांगणारा एक कागद घरात असेल. नोनिअसच्या अंगठीचे सोने कुठे गेले हे कोणालाच ठाऊक नाही, तो ओपलही आज कुठे नाही. ती अंगठी आपल्यापर्यंत पोचली ती कोणीतरी तिच्याविषयी लिहून ठेवले म्हणून.